तात्यांनी पुसलेली पाणंद

खरं बोलणाऱ्या माणसाचं सगळे कौतुक करतात, कारण तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरात खरं बोलत असतो. आमच्या लालासाहेब तात्यांबरोबर वर्षभर काम करा आणि मग कौतुक करा. मी केलंय काम. त्या वर्षात मी या माणसाशी जितकी भांडले, तितकी सासरीसुद्धा भांडले नाही.

तात्या आमच्या गावचे. गाव कडेगाव तालुक्यात, नाव सांगत नाही, कारण भावकी मोठी आहे आणि मला माहेरी जायचं असतं. तात्यांची ऊसशेती, मिलिटरीत ट्रक चालवला, पेन्शन घेऊन परत आले. गाव त्यांना सुभेदार म्हणतं. रामराम घालणाऱ्या प्रत्येकाला तात्या थांबवून सांगतात की मी हवालदार म्हणून रिटायर झालो, सुभेदार झालो नाही. लोक हसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुभेदार म्हणतात. तात्या पुन्हा थांबवतात. एवढ्यावरून माणूस ओळखावा.

मी माया. आमची वस्ती त्याच गावची, डांबरी रस्त्यापासून आत, ओढ्याच्या अंगाला. आजोबांनी छप्पन सालच्या लाटेत बौद्ध धम्म घेतला, वडील सोपान गवंडीकाम करत, भाऊ महेंद्र टेम्पो चालवतो, आणि मी सांगलीत एका लॅबमध्ये रक्त तपासते. रविवारी आम्ही काही जण मिळून इंटरनेटवरचा नकाशा भरतो. हा नकाशा कुणा कंपनीचा नाही. ज्याला आपला भाग ठाऊक आहे त्याने यावं, रेघ ओढावी आणि त्या रेघेला टॅग लावावा, म्हणजे हा हमरस्ता, हा शेतरस्ता, ही पायवाट अशी ओळख द्यावी. पैसे कुणी देत नाही. मी यात पडले ते रागानेच. पार्सलवाला मुलगा डांबरीवर उभा राहून फोन करायचा, की ताई, तुमची वस्ती मोबाईलमध्ये दिसतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या राहतोय, तरी दिसत नाही म्हणे.

तात्या आले तेही रागानेच. येरळा नदीवरचा एक फरशी पूल कुणीतरी नकाशात भलतीकडे दाखवला होता. तात्यांनी कुठून कुठून नंबर मिळवला, एसटीत बसले आणि थेट सांगलीत वीरधवलच्या क्लासवर येऊन उभे राहिले. वीरधवल आमच्या ग्रुपचा म्होरक्या. दिवसभर पोरांना गणित शिकवतो आणि रविवारी ती खोली आम्हाला देतो. तात्यांनी पाणीसुद्धा न घेता विचारलं, की ह्यो पूल कुणी काढला. मग सांगितलं, की लडाखात असताना नकाशात पूल होता म्हणून आमची गाड्यांची रांग घाटात शिरली. पूल वाहून गेला होता. एवढे ट्रक बर्फात मागे घेत आणले. तेव्हापासून खोटी रेघ दिसली की माझं डोकं फिरतं.

झालं, त्या दिवसापासून आमच्या रविवारांची वाट लागली. तात्यांचा नियम एकच. जमिनीवर जे आहे तेच नकाशात. तसा हा नियम या कामात जगभर पाळतात, पण जगातले लोक जरा सैल सोडत असतील. तात्या सोडत नाहीत. वीरधवलने एका चौकाला फ्लेक्सवरचं नाव दिलं. फ्लेक्स कुणा दादांच्या वाढदिवसाचा. तात्या मुद्दाम तिकडून आले, फ्लेक्स उतरला होता, नाव पुसलं. एका गावात रस्त्याचं भूमिपूजन झालेलं, नारळ फुटलेला, कोनशिला बसलेली, म्हणून कुणीतरी रस्ता काढला. तात्या बघून आले. म्हणाले, कोनशिला आहे तर कोनशिला काढा, रस्ता कुठाय?

इथवर मीही हसत होते. हसू गेलं ते कोप्यांवरून. कारखान्याजवळ ऊसतोड कामगार पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालून राहतात. जानेवारीतल्या सॅटेलाईट फोटोत ती वसाहत गावाएवढी दिसते. पुण्याच्या एका पोरीने घरी बसल्या बसल्या प्रत्येक कोपी घर म्हणून काढली. तात्या जूनमध्ये तिथे गेले. नुसतं रान आणि चार शेळ्या. त्यांनी सगळं पुसून टाकलं. माझं डोकं तडकलं. मी म्हणाले, तात्या, तिथे अर्धं वर्ष माणसं राहतात, बाया बाळंत होतात, आणि तुम्ही कोरं रान दाखवता? दुसऱ्या कुणाची घरं अशी पुसली असती का? पुढच्या हंगामात, तोड सुरू झाल्यावर, तात्या एकटेच जाऊन कोप्या मोजून आले आणि हंगामी वसाहत असा टॅग लावून त्यांनी ती परत काढली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. मीही आभार मानले नाहीत. मानायचे कशाला? आधी पुसलं कुणी?

आता पाणंदीचं सांगते, कारण माझा खरा राग तिथला आहे.

पाणंद म्हणजे दोन शेतांच्या मधून जाणारी गावाची वाट. बैलगाडी आरामात जाईल एवढी रुंद. ती एकट्याची नसते, आणि जे एकट्याचं नसतं त्यावर सगळ्यांचा डोळा असतो. आमच्या वस्तीतून डांबरीवर जाणारी पाणंद तात्यांच्या आणि त्यांच्या पुतण्याच्या शेतांमधून जायची. निम्मी जागा या अंगाची, निम्मी त्या अंगाची, अशी जुन्या लोकांनी सोडलेली. तिच्यावरून आमची वरात गेली, मयत गेली, महेंद्रचा टेम्पो गेला. नकाशात ती रेघ मी स्वतः काढली होती. मी काढलेली ती पहिली रेघ.

पुतण्याचं नाव धैर्यशील. कॉमर्स शिकलेला, पांढऱ्या शर्टाची इस्त्री न मोडणारा. तात्यांचे गुडघे गेल्यावर त्यांचं रानही तोच वाट्याने करायचा. तात्या ऑपरेशनसाठी लेकीकडे पुण्याला गेले, तेवढ्यात याने पाणंदीत नांगर घातला आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत आडसाली उसाची, म्हणजे दीड वर्ष रानात उभ्या राहणाऱ्या उसाची, लागण करून टाकली. रस्त्याला सऱ्या पडल्या. कुंपण शेत खातं हे ऐकलं होतं, इथे शेतच रस्ता खाऊन बसलं. वस्तीला शेजारच्या गावावरून वळसा पडला. महेंद्र टेम्पो डांबरीवर लावून घरी चालत यायला लागला, आणि टेम्पोतली बॅटरी एकदा चोरीला गेली. वस्तीने तहसील कचेरीत अर्ज दिला, की आमची पाणंद मोकळी करून द्या.

तात्या पुण्याहून परत आले तेव्हा ऊस कमरेला आला होता. त्यांनी पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, तोड झाली की सोडतो. तात्यांनी ऐकून घेतलं. मला हे त्यांच्या बायकोकडून, बनुबाई काकूंकडून कळलं. दुसऱ्याच्या गावची कोनशिला बघायला एसटीने जाणारा माणूस स्वतःच्या बांधावर तोंड शिवून बसला होता. याचा राग मी मनात धरून ठेवला होता.

मग धैर्यशील आमच्या नकाशावर आला. खातं उघडलं आणि पहिलंच काम काय केलं, तर माझी पाणंद पुसली. कारण लिहिलं, ‘जमिनीवर रस्ता नाही. पीक उभे आहे.’ मी परत काढली. त्याने परत पुसली. पुन्हा मी, पुन्हा तो. कचेरीची तारीख जवळ आली होती. तिथे मोबाईल पुढे करून त्याला म्हणायचं होतं, की बघा साहेब, इथे रस्ता कधी नव्हताच. वीरधवलने दोघांनाही थांबवलं आणि रविवारी चर्चेला बोलावलं.

सगळा ग्रुप जमला. धैर्यशील लॅपटॉपवर ताजा सॅटेलाईट फोटो घेऊन आलेला. हिरवागार ऊस, मधे फट म्हणून नाही. तो फार नम्रपणे बोलला. म्हणाला, मी नवीन आहे, मला नियम आमच्या नानांनीच शिकवला, जमिनीवर जे आहे तेच नकाशात. तात्यांना तो नाना म्हणतो. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इतक्या गोड आवाजात कधी ऐकल्या नव्हत्या. मी सांगितलं, की रस्ता नाहीसा झालेला नाही, केलेला आहे. आज पुसला तर नांगर घालणाऱ्याला आपणच दाखला दिल्यासारखं होईल. सगळे तात्यांकडे बघायला लागले. नियम त्यांचा, बांध त्यांचा, पुतण्या त्यांचा.

तात्यांनी फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “धैर्या म्हनतोय ते बरोबर हाय. आज तितं रस्ता न्हाई. पुसा.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हणाले, “आवं तात्या, रस्ता गेला कुटं? उसाच्या पोटातच हाय न्हवं?”

“पोटातल्या रस्त्यावरनं चालता येत न्हाई, माया.”

आणि त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला, चष्मा वर केला आणि माझी रेघ स्वतःच्या बोटाने पुसली. धैर्यशील वाकून त्यांच्या पाया पडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यांदेखत बोलले. म्हणाले, कोप्या पुसल्या, आता आमची वाट पुसली, तुमचं खरं नेमकं आमच्याच अंगावरून कसं जातं? तात्यांनी पिशवी उचलली. एरवी मी त्यांना स्कूटीवरून स्टँडला सोडते. त्या दिवशी सोडलं नाही. गुडघे धरून जिना उतरताना मी त्यांना वरून बघितलं आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये महेंद्रचा फोन आला. “ताई, लालातात्या उसात शिरल्यात. कोयता घिऊन.”

मी अर्धा दिवस टाकून गावी गेले. तात्या गुडघ्याला पट्टा बांधून ऊस तोडत होते. कोवळा ऊस, कांडी भरली नव्हती. कारखाना असला ऊस घेत नाही, जनावरांनाच घालायचा. बनुबाई काकू मोळ्या बांधत होत्या आणि नवऱ्याचा उद्धार करत होत्या, की एवढी वर्षं मिलिटरीचं ऐकलं, आता म्हातारपणी उसाशी लढाई काढलीय. पण मोळी बांधायचं त्यांनी थांबवलं नाही. वस्तीतली माणसं लांबून बघत उभी होती. जवळ जावं की नाही, हे कुणालाच कळत नव्हतं. मलाही नाही.

तेवढ्यात धैर्यशील मोटारसायकलवरून आला. गडी पहिल्यांदाच शर्टाची पर्वा न करता सरीत उतरला. म्हणाला, “नाना, घरातलं भांडान चव्हाट्यावर आनू नगा.”

“चव्हाटाच हाय ह्यो,” तात्या न थांबता म्हणाले. “त्यावर ऊस तू लावलास.”

धैर्यशील मग लय बोलला. भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, आता तुमचं रान तुम्हीच करा, मी हात लावणार नाही, असंही म्हणाला. तात्या म्हणाले, बरं. एवढंच.

तीन दिवसांत तात्यांची बाजू मोकळी झाली. बुडखे उपटले, माती दाबली. आणि पाणंदीच्या बरोबर मधल्या रेषेवर येऊन तात्या थांबले. पलीकडची निम्मी पाणंद पुतण्याच्या उसाखाली होती. महेंद्र आणि वस्तीतले चार गडी कोयते घेऊन आले, की आता उरलेलं आम्ही काढतो. तात्या त्यांच्या आडवे उभे राहिले. म्हणाले, त्याचा ऊस त्याला काढू दे, नाहीतर कचेरी काढायला लावील, तुम्ही हात लावला तर उद्या पोलीस तुमच्याच दारात येणार. ते खरं होतं, आणि म्हणूनच जास्त चीड आली. आमच्या रस्त्यावर ऊस लावला तर पीक, आणि आम्ही तो काढला तर गुन्हा.

मोकळ्या पट्टीतून माणूस जायचा, सायकल जायची, जपून चालवली तर मोटारसायकलही. महेंद्रचा टेम्पो जाईना. तरी वस्तीत त्या संध्याकाळी सण असल्यासारखं वाटलं. वडील काठी टेकत डांबरीपर्यंत जाऊन परत आले. मी मोबाईल काढला आणि तिथेच उभी राहून रेघ ओढली, वस्तीपासून डांबरीपर्यंत, आणि टॅग लावला, रस्ता. पहिला होता तोच. ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धैर्यशीलनेही शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. म्हटलं, चला, लाज तरी वाटली.

सकाळी बघते तर टॅग बदललेला. रस्ता काढून टाकून पायवाट केलेली. खाली तात्यांचं नाव.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. ते सोप्यात बसून गुडघ्याला तेल चोळत होते. मी उभ्या उभ्या सुरुवात केली. एकदा पुसून पोट भरलं नाही का? रस्ता म्हटला तर तुमच्या नियमाचं काय जातं? इतकी वर्षं आमच्या वाटेला रस्ता म्हणताना सगळ्यांची जीभ अडखळते, आता तुम्हीही? काकूंनी चहा आणून ठेवला. मी तो घेतला नाही.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “धैर्यानं अंगठा का दिला, इचार केलास का?”

मी मोबाईल काढून तो अंगठा पुन्हा बघितला.

“परवा कचेरीत त्यो मोबाईल म्होरं करनार. म्हननार, रस्ता हाय. वस्तीच्याच पोरीनं लिवलाय. मग अर्ज कशाचा?” तात्या तेलाची वाटी खाली ठेवत म्हणाले. “निम्मा हाय तर निम्माच लिव, माया. पुरा लिवलास तर उरल्याला मागशील कसा?”

त्यांचं बरोबर होतं, याचाही संतापच आला. चहा गार झाला होता, तो मी पिऊन टाकला.

कचेरीत झालं तसंच. धैर्यशीलने माझ्या रेघेचा फोटो त्याच संध्याकाळी काढून ठेवला होता, टॅगसकट. तो साहेबांपुढे ठेवला आणि म्हणाला, की आम्ही सामंजस्याने रस्ता खुला केला आहे, अर्जदारांच्या घरच्याच व्यक्तीने तशी नोंद केली आहे, प्रकरण निकाली काढावं. साहेब सरळ माणूस होता. त्याने स्वतःच्या मोबाईलवर नकाशा उघडला. तिथे पायवाट. त्याने विचारलं, की एका दिवसात रस्त्याची पायवाट झाली कशी, यातलं खरं काय, आणि हे काढणाऱ्या माया कोण?

मी उठले. वस्तीतली अर्धी माणसं मागे उभी होती. ज्या रेघेवर त्यांनी सण केला, ती खोटी आहे असं मला त्यांच्यासमोर सांगायचं होतं. बाजूला धैर्यशील शांतपणे उभा होता. मी काय म्हणणार याची त्याला खात्री होती, कारण आपलीच रेघ कुणी चुकीची म्हणत नाही.

“मी काढलेली रेघ चुकीची आहे, साहेब,” मी म्हणाले. “तिथून टेम्पो जात नाही. ती पायवाट आहे. रस्ता अजून निम्मा उसात आहे.”

मग साहेबांनी लगतचे जमीनधारक म्हणून तात्यांना विचारलं. तात्या टेबलाला धरून उभे राहिले. त्यांनी सांगितलं, की पाणंद निम्मी माझ्या अंगाची, निम्मी पुतण्याच्या. मी माझा ऊस काढला, त्याचा उभा आहे. एकत्र कुटुंबातला पुतण्या, हाताखाली वाढलेला, समोर उभा असताना त्यांनी ते सांगितलं. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. साहेबांनी जागेवर येऊन मोजणी करायची तारीख दिली.

बाहेर आल्यावर धैर्यशील तात्यांच्या अंगावरून सरळ निघून गेला. तात्यांचं रान या वर्षी कोण करणार, कुणाला ठाऊक नाही. बनुबाई काकू म्हणतात की पडू दे पडीक. मी तात्यांना महेंद्रच्या टेम्पोत बसवलं, तर ते महेंद्रला म्हणाले, डांबरीवरच सोड, आत गाडी जात नाही. महेंद्र हसला. मला हसू आलं नाही.

माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे. नांगर घालणारा ‘इथे रस्ता नाही’ एवढं एक वाक्य बोलला आणि आरामात झोपला. ते खोटं ठरवायला एका म्हाताऱ्याला स्वतःचा कोवळा ऊस तोडावा लागला आणि मला माझ्याच माणसांसमोर माझी रेघ चुकीची म्हणावी लागली. खरं बोलण्याची सगळी मेहनत नेहमी ज्याचा रस्ता गेला त्यानेच का करायची, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तात्यांनीही नाही.

मोजणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. आज नकाशात वस्तीपासून डांबरीपर्यंत एक बारीक तुटक रेघ दिसते, पायवाटेची. ग्रुपमधले नवे लोक विचारतात, की ताई, तुमच्याच दारातली वाट, हिला रस्ता करून टाकू का? मी प्रत्येकाला सांगते, हात लावू नका. तिची उरलेली रुंदी धैर्यशीलच्या उसात आहे, आणि ती मला पूर्ण हवी आहे.